मशीनला लावलं नाही

"ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागलंय, पण फक्त लिव्हरसाठी," डॉक्टर म्हणाले.

रेवतीनं काढ्याचा थर्मास मांडीवर घट्ट धरला. "ह्यांच्या तर किडन्याही गेल्यात. शेजारच्या खाटेवरच्या घोलपांना लिव्हर आणि किडनी दोन्ही देताय ना?"

"ते दोन महिने डायलिसिसवर आहेत. त्यांच्या किडन्या परत चालणार नाहीत, हे दिसलंय. जयवंतरावांचं डायलिसिस तुम्हीच होऊ दिलं नाहीत. त्यामुळं समिती म्हणते, नवं लिव्हर बसल्यावर यांच्या किडन्या कदाचित सुधारतील. कदाचितवर किडनी देता येत नाही."

"आणि नाही सुधारल्या तर?"

"मग डायलिसिस, आणि किडनीसाठी नव्यानं रांग."

एकदा मशीनला लावलं की माणूस सुटत नाही, असं तिच्या माहेरी सगळेच म्हणायचे. म्हणून डॉक्टर मागं लागले तरी तिनं सही दिली नव्हती. बांधाबांधानं हिंडून किडनीवर चालते म्हणून घेटुळीची पालेभाजी आणली, रोज तिचा काढा उकळला. घोलपांना पहिल्यांदा मशीनवर नेलं तेव्हा त्यांच्या बायकोला हिनंच ऐकवलं होतं, "घाई केलीत, ताई."

ती वॉर्डात आली. जयवंतराव समोरच्या खाटेवरच्या नव्या पेशंटच्या बायकोला समजावत होते, "डायलिसिसला हो म्हणू नका. आमची ही ठाम राहिली, म्हणून मी वाचलो."

रेवतीला पाहून त्यांनी काढ्यासाठी पेला पुढं केला.

त्या बाईनंही तिच्याकडं पाहिलं. "खरं का हो, ताई?"

"नाही," रेवती म्हणाली. "लावा मशीनला. आजच लावा."

जयवंतरावांचा पेला तसाच पुढं राहिला.