टोपलीतली जास्तीची सफरचंदं

डावखुऱ्या शिंप्याचा डावा हात लकव्याच्या झटक्यापासून तीन महिने लाकडासारखा पडून होता. थेरपीत व्हीआरचा, म्हणजे खोटं जग दाखवणारा, जाडजूड चष्मा चढवला की समोर सफरचंदाचं झाड दिसे. फळं तोडायची आणि टोपलीत टाकायची.

आज डावा हललाच! "बाबा, बोटं हलली!" म्हणत लेक रडायलाच लागली. शिंप्याच्या जिवात जीव आला.

थेरपिस्टबाईंनी आकडे वाचले. "उजव्यानं दहा, डाव्यानं चार. मग टोपलीत वीस कशी?"

"सहा त्या तिसऱ्या हातानं तोडली ना!" शिंपी हसला. "आम्हा शिंप्यांसारखा बोटात अंगुस्ताना, सुई टोचू नये म्हणून असते ती टोपी, घातलेल्या. कसं धरायचं ते दाखवत होता. झकास शिकवता हो तुम्ही!"

"काका, असा हात या खेळात नाहीच," थेरपिस्टबाई म्हणाल्या.

लेकीनं बापाचा डावा हात उचलला. तीन महिने सुईला न शिवलेल्या मधल्या बोटावर अंगुस्तान्याचा ताजा वळ होता.