बोअरची जागा

"हितं न्हाई," पुंजाराम म्हणाला. सरपंचांच्या मळ्यात तो बराच वेळ एकाच जागी उभा होता. मग उपरण्यानं तोंड पुसून चालू लागला.

काकासाहेब सरपंचांचा चेहरा उतरला. पण पुंजाराम पाणाडी. त्याचा शब्द दहा गावांत चालायचा. त्यानं दाखवलेली एकही विहीर आजवर कोरडी गेली नव्हती.

बाहत्तरच्या त्या दुष्काळात नगरच्या मिशननं गावोगाव बोअर घ्यायला सुरुवात केली होती. मशीन मच्छिंद्रच्या ताब्यात होतं. मिरजगावजवळच्या या गावाच्या वाट्याला एकच बोअर होता. तो कोरडा गेला, तर मशीन पुढच्या गावाला जाणार.

पुंजाराम अख्खं गाव ओलांडून गावकुसाबाहेरच्या वस्तीपाशी थांबला. टाच रोवून म्हणाला, "हितं घ्या."

"या खडकावर?" मच्छिंद्रनं विचारलं.

"हितंच."

वस्तीतल्या लंकाबाई रिकामा हंडा घेऊन उभ्या होत्या. गावच्या विहिरीवर त्यांना भरू देत नसत. नदीतला झरा दोन कोस लांब.

"आमच्या दारात?" त्या एवढंच म्हणाल्या.

शंभर फुटांपर्यंत नुसती धूळ. दीडशेलाही धूळच. काकासाहेब येऊन म्हणाले, "मच्छिंद्रराव, अजून येळ गेली न्हाई. मळ्यात चला. पानी समद्यांचंच राहील."

मच्छिंद्रनं पुंजारामाकडं पाहिलं. म्हाताऱ्याच्या ओठांना कोरड पडली होती.

"अजून थोडं," पुंजाराम म्हणाला.

एकशे ऐंशी फुटांवर धूळ ओली झाली. मग चिखल आला, आणि मग पाणी असं उसळलं की मशीनवरची माणसं नखशिखान्त भिजली.

तिसऱ्या दिवशी हातपंप बसला. पहिला हंडा लंकाबाईंनी भरला. दुपारी गावातल्या बायाही आल्या. जरा घुटमळल्या, आणि वस्तीतल्या बायांच्या मागं रांगेत उभ्या राहिल्या.

निघायच्या आधी मच्छिंद्र पुंजारामाशेजारी टेकला. "बाबा, आमच्या संस्थेबरोबर चला. एवढ्या खडकाखालचं पाणी तुम्हाला कळलं तरी कसं?"

पुंजाराम रांगेकडं बघत राहिला.

"कुनाला सांगनार न्हाई ना?"

"नाही."

"पानी सरपंचांच्या मळ्यात हाय, चाळीस फुटांवर," तो हळूच म्हणाला. "हितं मला काय बी लागलं न्हवतं."