चार दिवस अखंड

बाबा घरी एकटेच. औषधांच्या संशोधनातली आकडेमोड हजारो लोकांच्या रिकाम्या कॉम्प्युटरवर वाटून करतात, हे कळल्यापासून त्यांनीही आपला कॉम्प्युटर त्या कामाला जुंपला होता. पण रोज लेकीला ऑफिसात फोन. "अगं, परत 'थांबले आहे' असंच दाखवतंय."

सोमवारी ती वैतागली. "बाबा, कॉम्प्युटरला कुणी हात लावला की ते काम थांबतं. तुम्ही दर पाच मिनिटांनी माऊस हलवून बघत बसता, मग पुढे सरकणार कसं? जरा लांब राहा त्याच्यापासून. आणि मलाही कामं असतात हो."

"बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

शुक्रवारी तिने ऑफिसातूनच त्या संशोधनाच्या वेबसाइटवरचं त्यांचं खातं उघडून पाहिलं. सोमवार संध्याकाळपासून काम एक क्षणही थांबलं नव्हतं. ओळीने सगळीकडे 'पूर्ण'. ऐकलं म्हणायचं एकदाचं, फोनची कटकटही मिटली, असं पुटपुटत ती चहा घ्यायला उठली.

 

 

कप तोंडाशी नेताना तिला आठवलं, बाबा सकाळचा पेपरसुद्धा त्याच कॉम्प्युटरवर वाचतात.