येऊ दे, येऊ दे

इटलीतल्या त्या डोंगरगावात गल्ली अरुंद होत गेली आणि भाड्याच्या गाडीचा डावा आरसा भिंतीला घासला. फोनवरचा नकाशा सरळ जायला सांगत होता, समोर तर पायऱ्या होत्या. मागे दोन गाड्यांचे हॉर्न वाजू लागले. गोंधळलेल्या गार्गीला रिव्हर्स गिअरही सापडेना.

शेजारी तिचे वडील होते, एसटीतले निवृत्त कंडक्टर. इथली भाषा येत नाही म्हणून आबा आठ दिवस गप्पच होते. ते अचानक उतरले. मागच्या दोन्ही गाड्या त्यांनी हातवारे करून हटवल्या आणि डिकीवर थाप मारली.

"येऊ दे, येऊ दे... बास! आता डावीकडं घे!"

एव्हाना रिव्हर्स गिअर सापडला होता; त्या आवाजावर विसंबून गार्गी चौकापर्यंत मागे आली. आबा घामाघूम होऊन आत बसले.

"आता कुठल्या रस्त्यानं, आबा?"

"मला तरी काय ठाऊक?" म्हणत आबा खळखळून हसले.