कौशल्येच्या उपवासांचं उद्यापन

"सगळ्याच उपवासांचं?" मोरोपंतांनी हातातली पळी ताम्हनात ठेवली. "पार्वताबाई, सोमवारचं उद्यापन असतं, चतुर्थीचं असतं. पण सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, सगळ्यांची एकच मोट कशी बांधायची?"

"तुमी बांधा महाराज. देव काई मोजत नाई बसत," पार्वताबाई म्हणाल्या आणि चौरंगावरची फुलं उगाच सारखी करू लागल्या.

पाटावर त्यांची सून कौशल्या खाली मान घालून बसली होती. भिंतीशी शेजारच्या माणिकबाई आणि आणखी दोघी सवाष्णी होत्या. आतून पुरणाचा वास येत होता, आणि कौशल्येला त्या वासाचीच भीती वाटत होती.

गेल्या गुरुवारी सासूनं तिला भरदुपारी कोठीघरात पाहिलं होतं. तुरीच्या कणगीआड बसून ती शिळ्या पोळ्या, गूळ, दाणे, हाताला लागेल ते तोंडात कोंबत होती, रडत रडत. इकडे आळीभर तिच्या कडक उपवासांचा लौकिक, आणि तिकडे घरात घूस शिरली म्हणून पार्वताबाईंनी अकोल्याच्या बाजारातून पिंजरासुद्धा आणून ठेवलेला. घूस सापडली तेव्हा त्यांनी पाण्याचा गडू तिच्यापुढं ठेवला आणि दार ओढून घेतलं. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "उपाशी ढोर कुंपन मोडनारच. सोमवारी उद्यापन करून टाकू."

त्यांना ते सोपं वाटत होतं. कौशल्येला वाटत होतं, उपवास आहेत म्हणून निदान काही वेळ तरी हे तोंड बंद असतं. तेही गेले तर आपण थांबणार कुठं? अख्खं अकोला खाऊन माहेरी हिवरखेडच्या वाटेला लागू.

"बरं, सूनबाई," मोरोपंत नरमले. "हातावर पाणी घ्या. व्रत धरताना जो संकल्प केला होता तो बोला. सौभाग्य, संतती, काय असेल ते. त्याशिवाय सोडवता येत नाही."

पाणी तळहातावर आलं. सौभाग्य म्हणून मोकळं व्हावं, कोण विचारायला बसलं होतं? पण देवापुढं हातात पाणी घेऊन खोटं बोलायला तिची जीभ रेटेना.

"बारीक व्हायचं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"अमरावतीले फोटो काढाले गेलो होतो. फोटोवाला म्हने, बाई, तिरप्या उभ्या राहा, नाई तं साहेब मावत नाई. समदे हासले. हेबी हासले." बोटांच्या फटींतून पाणी गळू लागलं. "घरी येऊन आरशापुढं बोलली, आता जेवनार नाई. वार मागाहून शोधले. उपास म्हटलं का कोनी आग्रह करत नाई. पन मंग कोठीत जाऊन खाते मी, महाराज. चोरून. लय खाते."

माणिकबाईंनी तोंडाला पदर लावला. कौशल्येला वाटलं होतं की हे बोलल्यावर आपण काही उरणार नाही. पण सांगून झालं आणि तिला एकाएकी हलकं वाटलं.

मोरोपंतांनी टिळा पुसेपर्यंत कपाळ चोळलं. "म्हणजे हे व्रत देवाचं नव्हतंच. आरशापुढच्या संकल्पाचं उद्यापन काही पोथीत नाही बुवा."

"मंग तं सोपंच झालं," पार्वताबाई म्हणाल्या. "देवाचं काई देनं नाई. पोर नुसती जेवाचीच राह्यली."

मोरोपंत असे हसले की त्यांचं भरभक्कम पोट सोवळ्यासकट हललं. "सोडा ते पाणी ताम्हनात, सूनबाई. मोकळ्या झालात." शिधा घेऊन उठताना उंबऱ्यात ते वळले. "सावकाश जेवा," म्हणाले.

व्रत करणारीनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, अशी रीत. पार्वताबाईंनी पहिला पाट तिचाच मांडला. शेजारी माणिकबाई बसल्या आणि वाढणं चालू असताना तिच्या कानाशी लागल्या. "मी सायीले हात मारते न वो. नाव मांजरीचं सांगते." मग दोघी इतक्या हसल्या की पार्वताबाईंनी आतून विचारलं, काय झालं.

पहिली पोळी कौशल्येनं कोठीतल्यासारखीच खाल्ली, भराभरा, कुणी येईल म्हणून. पण सगळे आलेलेच होते आणि आपापल्या पानात बघत होते. दुसऱ्या पोळीला हात आपोआप हळू झाला. पुरणात जायफळ होतं. कढी जरा जास्तच आंबट झाली होती आणि तीही तिला आवडली. कोठीत खाल्लेल्या कशाचीच चव तिला आठवेना. पाय पुन्हा कधी तिकडे वळणारच नाहीत, असं काही तिला वाटलं नाही. पण आज बरं वाटत होतं, खरंच बरं वाटत होतं.

पार्वताबाई तिसरी पोळी घेऊन आल्या. त्या पोळीकडं बघत कौशल्या थांबली. आजच काय ते खाऊन घे, उद्यापासून बंद, हे दर वेळी मनात यायचं ते आता येईल म्हणून ती वाट बघत राहिली. पण उद्या कुठलाच उपवास नव्हता. उद्या नुसता मंगळवार होता.

"घे वो," पार्वताबाई म्हणाल्या. "लाजू नको."

"लाजत नाई, आत्याबाई," कौशल्या म्हणाली. "राहू द्या. संध्याकाळी खाईन."