मंगळवारची नवटाक

"तोंड इकडं कर. श्वास सोड," चनमल्लप्पा म्हणाले.

मल्लप्पानं श्वास सोडला. चनमल्लप्पांनी टेबलापलीकडून तो हुंगला आणि मान डोलावली.

नवी पेठेतल्या कापडदुकानामागची ती खोली लहान होती. कोनाड्यात देवाची तसबीर होती. तिच्या शेजारी एक उंच काचेचं भांडं होतं आणि त्यातल्या पाण्यात काचेची एक बारीक नळी उभी तरंगत होती. नळीच्या अंगावर आकडे होते. ताप बघायची असेल, असं मल्लप्पाला वाटलं.

शहरातले देशी दारूचे तीन गुत्ते चनमल्लप्पांच्या मक्त्याचे होते. सरकारी गोदामातली पिंपं गुत्त्यांवर न्यायला त्यांनी बैलगाड्या मोडून जुनी शेव्हरोले लॉरी घेतली होती. पहिला ड्रायव्हर महिनाभरात वाटेवर पिंपाला तोंड लावताना सापडला.

"पिंपं माझी आणि तहान ड्रायव्हरची, हे काही परवडत नाही," ते म्हणाले. "आणि तुझ्या लायसनवर दोन शेरे. दोन्ही दारूचे."

"व्हय मालक. पर सोडून तीन वर्सं झाली. सिद्धेश्वराच्या पायरीवर शपथ घेतलीया."

"तसल्या शपथा घेऊनच लोक माझ्या गुत्त्यावर येतात. खरं काय ते बोल."

मल्लप्पा खरं तेच बोलायला आला होता. यापूर्वी पाच मालकांनी त्याचं लायसन उघडून तसंच परत दिलं होतं. तीन वर्षं तो कापसाचे बोजे पाठीवर वाहत होता. आज बायको, निंगव्वा, त्याच्याबरोबर आली होती आणि बाहेर रस्त्यावर उभी होती. "खोटं बोलून चाकरी मिळवनार असला तर माज्या दारात येऊ नगा," असं तिनं त्याला बजावलं होतं.

"पयल्या बारीला नाक्यावर पोलिसानं धरलं. तोंडाला वास हुता. दंड झाला."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"अक्कलकोटच्या रस्त्याला उतार हाय, खाली वढ्याचा पूल. ब्रेक दाबला, तर लागला न्हाय. लॉरी कठड्यावर गेली. शेजारी मेव्हणा बसला हुता. शिवप्पा. त्याचा पाय गुडघ्यापासनं काढला."

"ब्रेक लागला नाही?"

"कोर्टात तसं म्हनलो मी. पर तोंडाला वास आल्यावर ब्रेकचं कोन ऐकतंय? सा म्हयने आत टाकलं. आता मी बी तसं म्हनत न्हाय. दारूनंच न्हेला त्याचा पाय."

त्या दिवसापासून निंगव्वा त्याला जेवायला वाढी, पण तो जेवत असताना समोर बसत नसे. हे त्यानं सांगितलं नाही.

चनमल्लप्पा पुढं वाकले. "प्यायला कुठं होतास?"

मल्लप्पाची मान खाली गेली. हेही दार बंद झालं, असं त्याला वाटलं. "तुमच्याच गुत्त्यावर, मालक. बाळीवेशीजवळच्या."

"वार कोणता?"

"मंगळवार. बाजाराचा."

"बाजार उठायच्या आधी की नंतर?"

"उठल्यावर."

"किती?"

"तीन नवटाक."

"आणि पहिल्या खेपेला?"

"त्यो बी मंगळवारच. दोन नवटाक."

चनमल्लप्पांनी कोनाड्यातल्या तरंगत्या नळीकडे पाहिलं. मनात काहीतरी भागाकार केल्यासारखे त्यांचे ओठ हलले. मग ते हसले.

"उद्या सकाळी सातला ये."

मल्लप्पाला कळेना. "आन् शेऱ्यांचं, मालक?"

चनमल्लप्पा उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"अरे वेड्या, मंगळवारी गावोगावचं माणूस येतं. तेवढ्यांना पुरवायची म्हणजे पाणी घालावंच लागतं. बाजार उठेपर्यंत तीन नवटाकात अर्धी नवटाक दारू राहत नाही. तोंडाला वास येईल एवढी ठेवतो. माणसाला चढेल एवढी नाही." त्यांनी नळीकडे बोट दाखवलं. "मोजून."

"पर मला चढायची की!"

"ती नशा तुझ्या मनाची. तुझा ब्रेकच गेला होता."

मल्लप्पानं टेबलाची कड धरली.

"मालक," तो म्हणाला, "येवडंच एकदा माज्या बायकूला सांगा. भाईर हुबी हाय. तिचाच भाऊ त्यो. दुसरं कायबी मागत न्हाय मी."

"काय सांगू?" चनमल्लप्पांचा चेहरा आता अगदी कोरा होता. "मी काही बोललोच नाही. आणि तू बोललास तर चाकरी गेली. शिवाय दोन शेऱ्यांच्या माणसाचं ऐकणार कोण?"

त्यांनी लायसनचं पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि दार उघडलं.

निंगव्वा रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या फळीला टेकून उभी होती. त्याचे पडलेले खांदे बघून ती पुढं आली.

"न्हाय म्हनले?"

"घेतलं. उद्यापासनं."

"समदं सांगितलं का? शिवप्पाच्या पायाचं बी?"

"समदं."

"मग काय म्हनले?"

मल्लप्पानं मागं पाहिलं. चनमल्लप्पा दुकानाच्या दारात उभे राहून गिऱ्हाइकाशी बोलत होते.

"काय न्हाय," तो म्हणाला. "ये म्हनले."

निंगव्वानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दुकानाच्या दिशेनं लांबूनच हात जोडले. मग साडेतीन वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"तुमचं येवडं पाप ऐकून बी घेतलं त्यांनी. देवमानूस हाय बगा. त्यांच्या पायाशी कवा खोटं वागू नगा."