डावा पाय

पेडलं दोनच होती. सेबेस्टियनने वाकून पुन्हा मोजली. उजव्या टोकाला ॲक्सिलरेटर, त्याच्या शेजारी ब्रेक, नेहमीच्या दुप्पट रुंद. ब्रेकच्या डावीकडे, आजवर चालवलेल्या प्रत्येक गाडीत जिथं क्लच होता तिथं, दिवे मंद करायचं एक बटण सोडलं तर काहीच नव्हतं. स्टिअरिंग डाव्या अंगाला असणार हे त्याने धरलंच होतं; युद्धात असले अमेरिकी ट्रक त्याने चालवले होते. पण त्यांनाही क्लच होता.

"शेठ, ह्यातला क्लच कोणीतरी काढून नेलाय."

"नेला नाही रे, घातलेलाच नाही," फ्रान्सिसशेठ हसला. गास गावात त्याच्या केळीच्या बागा होत्या, आणि मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकी साहेबाकडून त्याने ही गाडी मुंबईत विकत घेतली होती. "गिअर आपोआप बदलतात. डाव्या पायाला पेन्शन! तुझ्यासारख्या लंगड्यासाठीच बनवलीय म्हण."

सेबेस्टियनला हसू आलं नाही. त्याने वळून मागच्या सीटवर बसलेल्या बायकोकडे पाहिलं. रेजिनाच्या मांडीवर शेठसाठी आणलेल्या सुक्या बोंबलांची, काठाला काथ्याचा दोर गुंडाळलेली पाटी होती.

"आनि आपली रेती?" ती पुटपुटली.

पावसाळ्याआधी लॉरी उलटून सेबेस्टियनचा डावा गुडघा गेला होता. पाचूबंदरच्या घरात त्याने आढ्याला होडीची कप्पी टांगली. तिच्यावरून दोर टाकला, एका टोकाला बादली बांधली, दुसऱ्या टोकाला फळी. रोज पहाटे तो क्लच दाबावा तशी डाव्या पायाने फळी दाबायचा आणि बादली वर उचलायचा. पाय थरथरायचा थांबला की रेजिना बादलीत ओंजळभर रेती टाकायची. मागच्या आठवड्यात बादली काठोकाठ भरली होती. शेठकडची ही ड्रायव्हरची नोकरी गेली तर होडीवर चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि त्या पायाने होडीवर तोल राहत नव्हता.

"गिअरची दांडी खाली ओढ अन् चल," शेठ शेजारी बसत म्हणाला.

गाडी निघाली. थोड्या वेळाने इंजिनाचा सूर आपला आपण खाली उतरला. गिअर बदलला होता. दुसराच कोणीतरी गाडी चालवतोय आणि आपण नुसते बसलोय, असं सेबेस्टियनला वाटलं.

समोर केळीच्या घडांनी भरलेली बैलगाडी आली. त्याने वेग कमी करायचं ठरवलं मात्र, डावा पाय उठला आणि बादलीभर रेतीच्या जोराने खाली आला. तिथं ब्रेक होता.

गाडी खिळा ठोकल्यासारखी थांबली. शेठने दोन्ही हात पुढे टेकले म्हणून वाचला. पाटी उडाली आणि बोंबील त्याच्या खांद्यांवर पडले.

"काय रे, भूत बघितलंस?" बैलगाडीवाला ओरडला.

"चुकलं, शेठ. सवय."

"सवय घरी ठेवून ये."

सेबेस्टियनने डावा पाय सीटखाली दुमडला आणि मनाशी बजावलं. तळ्याच्या वळणावर एक म्हैस आडवी आली. बजावलेलं मनातच राहिलं, पाय कधी सुटला ते कळलंही नाही. या वेळी शेठचं कपाळ काचेवर आपटलं. भुवईवरून रक्ताची बारीक रेघ नाकापर्यंत आली.

सेबेस्टियन आपल्या पायाकडे बघत राहिला. गेले कित्येक महिने तो सांगून ऐकत नव्हता. आता सांगायच्या आधीच धावत होता.

"उतर," शेठने रुमाल कपाळाला लावला. "परवा आईला मिस्साला न्यायचंय. ब्याऐंशी वर्षांची म्हातारी. हा दणका तिला बसला तर चर्चमध्ये नाही, मागच्या कबरस्तानात न्यावी लागेल."

सेबेस्टियन उतरला नाही.

"एकदाच, शेठ." मग तो मागे न बघता म्हणाला, "रेजिना, पाटीचा दोर दे."

तिने दोर सोडला, पण त्याच्या हातात दिला नाही. ती उतरली, पुढचं दार उघडून मातीत गुडघे टेकले, आणि त्याचा डावा घोटा सीटखालच्या लोखंडी सांगाड्याला करकचून बांधला. होडी खुंटाला बांधताना मारतात ती गाठ मारली.

"पाय बांधून गाडी चालवणार?" शेठ थक्क झाला. "लोक हसतील रे."

"दार लावलं की दिसत नाही, शेठ," रेजिना म्हणाली, आणि तिने दार लावलं.

गाडी पुन्हा निघाली. पुढच्या वळणावर टांगा आला. सीटखाली काथ्या करकरला. गाडी पाण्यावरून सरकल्यासारखी मंदावली, बाजूला झाली, पुढे गेली. रेल्वेच्या फाटकापाशी काथ्या पुन्हा करकरला. सोपारा स्टेशनापर्यंत जाऊन गासला परत येईपर्यंत मागच्या सीटवरचा एकही बोंबील जागचा हलला नाही.

"परवा सहाला ये," शेठ उतरताना म्हणाला. "दोर मात्र चांगला आण. ह्याला वास मारतो."

तो घरात गेल्यावर रेजिनाने दार उघडलं आणि खाली वाकली. गाठ सरकली नव्हती, पण पायाच्या ओढीने दोर ताणला होता. बांधला तेव्हा दोर आणि घोटा यांच्यात नखही शिरत नव्हतं. तिने हात आडवा धरून बोटं आत घातली.

दोन बसली.